कोयता, काठी आणि रिकामा हात

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचा जुना माणूस रानात निघाला की आधी कमरेला आकडी बांधतो. आकडी म्हणजे हातभर दोरीला ओवलेला लाकडाचा छोटा ठोकळा. पाठीमागे, माकडहाडाच्या जरा वर तो बसतो आणि त्याच्या खाचेत कोयता अडकतो. पातं टोकाला आत वळलेलं, मूठ हाताच्या घामानं गुळगुळीत झालेली. दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून ऐनाच्या झाडावर चढता येतं. वर पोचल्यावर एका हातानं फांदी धरायची, दुसरा हात मागे नेऊन कोयता काढायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात टहाळ खाली पाडायचा. हा टहाळ वाळवून भाताच्या रोपासाठी राब भाजायचा. कुंपणाची काटेरी डहाळी, चुलीचं सरपण, घराच्या कुडाच्या कारव्या, ताडाचा झाप अशी दिवसभराची सगळी कामं या एका कोयत्यावर निभतात.

या कोयत्याला पाड्यावर कुणी शस्त्र म्हणत नाही. पण तोच माणूस तोच कोयता घेऊन शेकडोंच्या जमावात उभा राहिला की पंचनाम्यात 'धारदार हत्यार' असं लिहिलं जातं. वस्तू बदललेली नसते. तिच्याकडे बघणारा बदललेला असतो.

अवजार की हत्यार, याच प्रश्नाशी जोडलेला एक वाद कराटेच्या जगात गेली कित्येक दशकं चालू आहे. कराटेच्या तालमीत काठी, विळा, नानचाकू अशा पारंपरिक हत्यारांचा सराव असावा की नसावा? एक बाजू म्हणते, कराटे ही रिकाम्या हातांची विद्या, तिथे हत्याराचं काम काय? दुसरी बाजू म्हणते, कराटे जिथे जन्मलं त्या ओकिनावाच्या जुन्या गुरूंनी दोन्ही शिकवलं, तेव्हा अर्धं टाकून उरलेलं पूर्ण कसं म्हणायचं? कराटेचे वर्ग आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. पांढरा गणवेश, रंगीत पट्टे आणि शाळेच्या संमेलनात टाळ्या मिळवणारं नानचाकूचं प्रात्यक्षिक आता कुणाला नवं राहिलेलं नाही. त्यामुळे हा वाद जपानपुरता उरलेला नाही. आणि डहाणू-तलासरीसारख्या, अवजार आणि हत्यार यांच्यातली रेघ रक्तानं आखली गेलेल्या मुलखात तर तो इतिहासासह समजून घ्यायला हवा.

आधी ओकिनावाची गोष्ट. कराटेच्या वर्गात ती साधारण अशी सांगितली जाते. जपानच्या दक्षिणेला र्‍युक्यू नावाचं बेटांचं राज्य होतं, ओकिनावा हे त्यातलंच बेट. राजानं प्रजेची शस्त्रं काढून घेतली. पुढे 1609 मध्ये जपानमधल्या सात्सुमा जहागिरीच्या सामुराईंनी बेटं जिंकली आणि उरलीसुरली हत्यारंही गेली. मग शेतकऱ्यांनी हाताशी होतं त्यातून शस्त्रं घडवली. भात कापायच्या विळ्याची 'कामा' झाली, जात्याच्या खुंट्याची 'तोन्फा', धान्य झोडपायच्या दांडक्याचं 'नानचाकू', होडीच्या वल्ह्याचं 'एकू'. खांद्यावर ओझं वाहायची काठी 'बो' झाली.

ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती अर्धीच खरी आहे. शो शिन या राजाच्या काळात (1477 ते 1526) शस्त्रं राज्याच्या कोठारात गोळा झाली, हे 1509 च्या एका शिलालेखावरून दिसतं. मात्र ती प्रजेला निःशस्त्र करण्यासाठी होती की राज्याच्या रक्षणाचा साठा म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सात्सुमानंही शस्त्रांवर वेळोवेळी निर्बंध घातले. पण हत्यारांची विद्या सांभाळली ती प्रामुख्यानं दरबारी नोकरीतल्या, पेचिन म्हणवणाऱ्या वर्गानं. 'साय' हे तीन टोकांचं लोखंडी हत्यार कोणत्याही शेतातून आलेलं नाही. र्‍युक्यूचे शिपाई गुन्हेगार पकडताना ते वापरत. 'बो'चे कितीतरी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, साकुगावासारख्या राजधानी शुरीच्या प्रतिष्ठित माणसांच्या नावांनी ओळखले जातात. दिवसभर चिखलात राबणाऱ्या माणसाला रात्री हत्याराचा रियाज करायला सवड कितीशी असणार? तेव्हा नीट सांगायचं तर, आकार पुष्कळदा अवजाराचा होता आणि विद्या बहुतेक दरबाराच्या आसपास वाढली. गरिबाच्या अवजाराची कथा तिला नंतर चिकटली आणि जगभर गेली.

मग हत्यारं कराटेपासून वेगळी कधी झाली? याचं उत्तर बंदीहुकमात सापडत नाही, ते शाळेच्या मैदानावर सापडतं. 1901 मध्ये इतोसू आंको या गुरूंनी शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे नेलं आणि 1908 मध्ये त्यांनी कराटेबद्दलचे दहा मुद्दे लिहून शिक्षणखात्यासमोर मांडले. एकाला एक शिकवायची विद्या आता रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना द्यायची होती. त्यासाठी काता सोपे झाले, घातक डाव मागे पडले आणि हत्यारं तर मैदानावर आलीच नाहीत. 1922 मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजलं. विद्यापीठांतून क्लब निघाले. 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहा इथे गुरूंची बैठक झाली आणि 'चिनी हात' या जुन्या लिपीचिन्हांऐवजी 'रिकामा हात' ही चिन्हं सर्वांनी स्वीकारली. त्यामागे त्या काळचं जपानी राष्ट्रकारणही होतं. पुढे कराटे स्पर्धेचा खेळ झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, ते खेळलं गेलं तेव्हा तिथे फक्त काता आणि कुमिते (लढत) होते. हत्याराला जागा नव्हती.

ओकिनावात मात्र दोन्ही धागे तुटले नाहीत, जरी ते तुटायला आले होते. 1945 च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ओकिनावाची लढाई झाली. बेटं बेचिराख झाली आणि अनेक जाणकार गुरू त्यात गेले. हत्यारांचे काता मोजक्या माणसांच्या अंगात उरले. तायरा शिंकेन त्यांपैकी एक. ते टोकियोत फुनाकोशींकडे कराटे शिकले आणि मग याबिकू मोदेन यांच्याकडे हत्यारविद्या. बेटाबेटांवरचे विखुरलेले काता त्यांनी गोळा केले आणि 1955 मध्ये त्यांच्या जतनासाठी संस्था काढली. मातायोशी घराण्यानंही हेच काम केलं. त्याच सुमारास, 1956 मध्ये, तात्सुओ शिमाबुकू यांनी इश्शिन-र्‍यू ही शैली सुरू केली, तेव्हा अभ्यासक्रमातच बो आणि साय घेतले. म्हणजे एकाच पिढीत कराटेच्या एका शाखेनं हत्यारं गाळली आणि दुसरीनं ती मुद्दाम उचलून घेतली. 'हत्यार कराटेत बसतं का?' या प्रश्नाला प्रतिप्रश्न करावा लागतो तो यामुळेच: कोणत्या कराटेत?

आता डहाणू-तलासरीकडे वळू. इथल्या इतिहासाच्या तारखा ओकिनावाच्या तारखांशी थक्क व्हावं इतक्या जुळतात. 1876 मध्ये जपानच्या मेजी सरकारनं सामुराईंना तलवार बाळगायला मनाई केली. 1879 मध्ये र्‍युक्यूचं राज्य संपवून त्याचा ओकिनावा प्रांत केला. या दोन्हींच्या मध्ये येतं 1878. त्या वर्षी ब्रिटिशांनी हिंदुस्थानात शस्त्रकायदा आणला. बंदुका, तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला त्या कायद्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही घातले होते. आणि त्याच 1878 मध्ये जंगलकायदाही आला.

इथल्या आदिवासी वारल्याच्या बाजूनं या दोन कायद्यांकडे पाहिलं तर काय दिसतं? एकानं त्याचा तीरकामठा शस्त्रांच्या यादीत नेला, दुसऱ्यानं त्याच्या कोयत्याखालचं झाड सरकारी केलं. राबासाठी टहाळ तोडणं हा शेतीचा भाग होता, तो आता जंगलखात्याच्या परवानगीचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला 1885 मध्ये आयोग नेमून चौकशी करावी लागली. कोयता कुणी हिसकावला नाही. पण तो कुठे चालवायचा, यावरचा हक्क गेला. जमीन हळूहळू सावकार-जमीनदारांकडे गेली आणि त्याच जमिनीवर वारली कूळ म्हणून, वेठबिगार म्हणून, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी लग्नगडी म्हणून राबू लागला. त्याचा कोयता आता मालकाचं गवत कापू लागला.

हे गवत साधं नव्हतं. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत या पट्ट्यातून जायचं आणि त्यावर मालक गबर व्हायचे. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन या भागात आले. 23 मे 1945 रोजी झरी गावी सभा भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. सुमारे पाच हजार वारली जमले आणि ठरलं: वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही. पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा मागणी पुढे आली. 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. कोयते आकडीतच राहिले. संप सुरू झाला.

10 ऑक्टोबर 1945. तलवाडा इथे गोदावरीबाईंची सभा आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत फिरवला. बाईंच्या जिवाला धोका आहे, असंही त्यात होतं. दुसरीकडे पोलिसांना सांगितलं गेलं की वारली सशस्त्र होऊन चालून येत आहेत. लोक आपापल्या काठ्या-कोयत्यांसह हजारोंनी जमले. आपल्या 'गोदाराणी'चं रक्षण करायला ते आले होते. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. गोळ्या झाडल्या जात असतानाही लोक हटत नव्हते, कारण बाई येणार हा त्यांचा भरवसा होता. संप त्यानंतरही मोडला नाही. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्याला 1972 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 10 ऑक्टोबर हा दिवस या भागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

ओकिनावाच्या त्या लोकप्रिय कथेत जे सांगतात ते इथे खरोखर घडलं होतं: अवजार हातात असलेला शेतकरी आणि समोर सत्तेची बंदूक. फरक एवढाच की इथे त्या कोयत्याचा कुणी काता रचला नाही आणि त्याची विद्या होऊन ती सातासमुद्रापार गेली नाही. तलवाड्याला त्या कोयत्यांनी कुणाला मारलं नव्हतं, तरी ते शस्त्र ठरवले गेले. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्रकायद्यानं हा घोळ काही अंशी मिटवला. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आणि तिथे उदाहरण म्हणून लाठीचं नावच लिहिलं. वारल्याच्या हातातली काठी, देशाच्या कायद्यानं, हत्यार नाही.

तीरकामठ्याचं नशीब वेगळं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच संपला. तीर उरला तो चित्रांत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांतले ते दोन त्रिकोणांचे शिकारी, वाकलेला कामठा, ताडावर चढणारा माणूस आजही पाहता येतात. तिकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देव-दैत्यांची सोंगं रात्रभर नाचतात आणि देवी-महिषासुराची लढाई होते. ठरलेली पावलं, ठरलेला वार, ठरलेला शेवट. कराटेच्या भाषेत बोलायचं तर हा एक काताच आहे.

महाराष्ट्रात हत्यारांची शिस्तशीर तालीम जिवंत राहिली ती कोल्हापूरच्या मर्दानी खेळात. लाठी, फरीगदगा, विटा आणि दांडपट्टा. त्या तालमींत मुलगा आधी लाठी घेतो. पवित्रा, पायांची ठेवण आणि मनगट त्यात तयार होतात आणि मग पट्ट्याकडे जायचं. पट्ट्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, मनगट वळवायची सोय राहत नाही आणि सगळं वळण खांद्या-कमरेतून आणावं लागतं. 2024 च्या शिवजयंतीला राज्य सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. केरळच्या कळरिपयट्टूत क्रम आणखी बोलका आहे. आधी शरीराचे व्यायाम, मग लाकडी हत्यारं, मग लोखंडी आणि सगळ्यांत शेवटी रिकामा हात. तिथल्या गुरूंच्या लेखी निःशस्त्र माणसाची विद्या ही सगळ्यांत अवघड, म्हणून ती अखेरीस. कराटेच्या बहुतेक वर्गांत सुरुवातच तिथून होते.

कळरी आणि कोल्हापूर या दोन्ही परंपरा एकच गोष्ट सांगतात: हत्याराचा सराव शरीराला असं काही शिकवतो जे रिकाम्या हाताला सहज उमगत नाही. अंतराचंच बघा. सहा शाकू, म्हणजे सुमारे 180 सेंटिमीटर लांबीचा बो हातात आला की समोरच्यापासून किती दूर उभं राहायचं याचा हिशेबच बदलतो. काठीचं एक टोक पुढे गेलं की दुसरं मागे येतं, एक हात ढकलतो आणि दुसरा ओढतो. ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी का ओढायची, हे पहिल्या वर्षातल्या मुलाला पाठ असतं. ते अंगाला कळतं काठी हातात आल्यावर. वल्ह्याच्या एका ओकिनावी कातामध्ये तर पात्यानं वाळू उपसून ती समोरच्याच्या डोळ्यांत उडवण्याची क्रिया आहे. फरशीच्या हॉलमध्ये ती निरर्थक वाटते. झाईच्या किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोळ्याच्या पोराला ती न सांगता कळेल.

तेव्हा निवाडा करायचाच तर तो असा. स्पर्धेच्या कराटेत हत्याराला जागा नाही आणि ती मागण्याचं कारणही नाही. त्या खेळाचे नियम वेगळे, गरजा वेगळ्या. पण जो वर्ग आपण परंपरेचं कराटे शिकवतो म्हणून सांगतो, त्यानं हत्यार टाळून चालणार नाही. ओकिनावाचा इतिहास त्याच्या बाजूनं नाही. मात्र तीन अटी पाळाव्या लागतील. पाया पक्का झाल्याशिवाय मुलाच्या हाती हत्यार द्यायचं नाही. सुरुवात काठीनंच करायची, धार असलेलं काहीही मोठ्या वयापर्यंत दूर ठेवायचं. आणि ते कुठून आलं, कुणी सांभाळलं, कुणाच्या हातातून काढून घेतलं गेलं, हे सांगितल्याशिवाय एकही काता शिकवायचा नाही. नुसतं टाळ्यांसाठी फिरवलेलं नानचाकू यांपैकी एकही अट पुरी करत नाही. सिनेमातून आलेल्या त्या हौसेनं हत्यारविद्येचं भलं झालेलं नाही. ज्यांनी बेचिराख झालेल्या बेटांवरून एकेक काता वेचून आणला, त्यांच्या कष्टांची त्यात दखलही नाही.

डहाणू-तलासरीच्या कराटे शिक्षकांना आणि आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना यात एक संधी आहे. दुसरीकडच्या शिक्षकाला ओकिनावाच्या शेतकऱ्याची गोष्ट पुस्तकातून वाचून सांगावी लागते. इथल्या शिक्षकासमोर बसलेल्या मुलाच्या आजोबांची पिढी राब भाजत, गवत कापत आणि झरी-तलवाड्याच्या आठवणी ऐकत वाढलेली आहे. बो शिकवायला घेतला की त्याच तासात लाठीही शिकवता येईल, कोल्हापूरच्या मर्दानी खेळाची लाठी. त्याआधी तलवाड्याला काय घडलं ते सांगता येईल. विळ्याच्या कातापर्यंत पोचलेल्या मोठ्या विद्यार्थ्याला पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडे पाठवता येईल. उभ्या झाडावर एका हातानं तोल सांभाळत कोयता कसा चालतो, हे त्याच्याइतकं कुणी दाखवू शकणार नाही. ही माणसं आता थोडी उरली आहेत. राब भाजणारेही कमी होत चाललेत. शिक्षकांनी हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. येत्या 10 ऑक्टोबरला वर्गाची सुरुवात याच इतिहासानं करावी.